लेफ्ट फुलबॅकची जागा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१५

आजपासून रोजनिशी. मोठे कोच वही ठेवतात असं ऐकलंय. ही फक्त माझ्यासाठी. पत्नीला, म्हणजे राजेश्रीला, सांगून ठेवलं की या वहीला हात लावायचा नाही. ती म्हणाली, कामून लावू, मला दुसरे कामं न्हाईत का.

विषय : गोदातीर हॉकी क्लब, गंगाखेड, याची पुनर्बांधणी. परभणीची आमंत्रितांची स्पर्धा १४ डिसेंबरला. गेल्या वर्षी पहिल्याच सामन्यात नऊ-शून्यने हरलो. फॉरवर्ड लाइनला दोष देता येत नाही, त्यांच्यापर्यंत चेंडू गेलाच नाही. दोष सगळा डिफेन्सचा.

चहा पिताना गॅप्स लिहून काढल्या. राइट फुलबॅक पुण्याला कंपनीत गेला, जागा रिकामी. सेंटर हाफ आहे, पण पोट आडवं येतं. गोलकीपर दत्तराव. टेलर, वय एकावन्न, माझा शाळेपासूनचा दोस्त. हिंमत दांडगी, पण हल्ली खाली वाकला की वर यायला वेळ लागतो. लेफ्ट फुलबॅकला गॅप नाही. तिथे मी आहे. चोवीस वर्षं.

सचिव, कोच आणि कॅप्टन ही पदंही माझ्याकडेच. मला हौस नाही. ज्युनियर कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, कामं काय कमी आहेत? पण जबाबदारी घ्यायला दुसरं कुणी पुढे येत नाही. २०१९ ला एक जण येत होता, त्याला मी प्रेमाने समजावलं.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठून नदीपर्यंत धावणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार. पहाटे ५.०५

उठलो. थंडी. थंडीत स्नायू ओढला जाण्याची भीती असते. कोचच लंगडायला लागला तर टीमने कुणाकडे बघायचं? धावणे ऊन पडल्यावर.

४ नोव्हेंबर. सकाळी ९.३०

ऊन पडलं. कॉलेजला उशीर झाला.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला सराव. तेरा जणांना निरोप, सात आले.

राइट फुलबॅकसाठी रामप्रसादला बघायला बोलावलं होतं. कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवतो. खांदे दारासारखे. मैदानावर फक्कीने आकृती काढून त्याला पोझिशन समजावली. पन्नास मिनिटं. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला, सर, उजवीकडं मी, मग डावीकडं कोण खेळायलंय? मी तेव्हा डावीकडेच उभा होतो. मुलाची निरीक्षणशक्ती कमी पडते.

खेळ झाल्यावर दत्तराव म्हणाला, महारुद्र, तू पुढं जायलास ते ठीक हाय, पण माघारी येतच न्हाईस. मुद्दा नोंदवून घेतला. दत्तरावला आक्रमक फुलबॅक ही कल्पना कळत नाही. तो गोलमध्ये उभा राहतो, त्याला मैदानाचा एकच भाग दिसतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

रामप्रसाद आला नाही. फोन केला तर म्हणाला, हंगाम सुरू झालाय सर, गाडी थांबत न्हाई. नंतर कळलं, तो चौकात सांगत होता की त्या सरांचं ऐकण्यापरीस कारखान्याच्या काट्यावर सात तास रांगेत बसलेलं परवडलं. कमिटमेंट नाही. हीच आपल्या जिल्ह्याची शोकांतिका आहे.

दत्तराव आपल्या भाच्याला घेऊन आला. सिद्धोधन. सत्तावीस वर्षांचा. बी.ए. झालेला, विद्यापीठाकडून दोनदा खेळलेला, सध्या मोंढ्यात एका अडतीवर सोयाबीनच्या काट्यावर उभा असतो. भीमनगरात राहतो. मी जात मानत नाही. हे मी दत्तरावला आजवर अनेकदा सांगितलं आहे, त्याने कधी विचारलं नसतानाही.

पोरगा बरा आहे. दोष एकच. आपली जागा सोडतो. तीनदा चेंडू माझ्या बाजूने निघाला होता, मी त्याच्यावर नजर ठेवून होतो, आणि तिन्ही वेळा हा कुठून तरी मधे येऊन तो घेऊन गेला. विचारलं तर म्हणाला, सर, मी लेफ्ट फुलबॅकच हाय. म्हणालो, ती जागा सध्या भरलेली आहे. त्याला फॉरवर्डला टाकलं. तरुण रक्त पुढे असावं.

जाता जाता त्याला २०११ चा फोटो दाखवला. पाथरीवर विजय. त्या सामन्यात आम्ही त्यांना एकही गोल करू दिला नव्हता. दत्तरावने मधेच सांगून टाकलं की पाथरीवाल्यांची जीप मानवतच्या पुढं बंद पडली हुती, ते आलेच न्हाईत. तपशिलात शिरायची वाईट सवय.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सायंकाळी

दत्तराव आणि सिद्धोधन घरी आले. गंभीर विषय.

एका कंपनीचा हॉकी संघ आहे. त्यांना एक लेफ्ट फुलबॅक पाहिजे, पर्मनंट नोकरीवर. त्यांचे भगवानराव नावाचे साहेब परभणीला सामने बघायला येणार आहेत. अट एकच, अठ्ठावीस पूर्ण झालेला नको. सिद्धोधनला दोन जानेवारीला अठ्ठावीस पूर्ण होतात. म्हणजे हीच वेळ, याच्या पुढे नाही. क्लबच्या सचिवाने फॉर्म भरून पाठवायचा आणि त्या दिवशी त्याला त्याच्या जागी खेळवायचं. दत्तराव म्हणाला, महारुद्र, तीस वर्षांत तुला काही मागितलं न्हाई. एवढा एक सामना पोराला उभं कर.

मी शब्द दिला. परभणीत लेफ्ट फुलबॅक सिद्धोधनच. देताना माझाच आवाज भरून आला. सिद्धोधन पाया पडायला वाकला, मी त्याला अडवलं, पण जरा उशिरा. राजेश्रीसुद्धा चहाचा ट्रे धरून बघत राहिली. असा मोठेपणा घरच्यांनी क्वचित पाहिलेला असतो.

फॉर्म लगेच भरला. नाव, वय, लेफ्ट फुलबॅक, जर्सी नंबर तीन. तीन नंबर माझा. चोवीस वर्षांपासून. लिहिताना पेन अडकलं. रिफिल जुनी झालीय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शब्द दिला म्हणजे दिला. पण कोचला तटस्थ राहून विचार करावा लागतो. पुनर्बांधणीच्या काळात अनुभव बाहेर बसवणं धोक्याचं असतं. हा विचार मी माझ्यासाठी करत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मी रेषेबाहेर उभा राहून सूचना दिल्या. सिद्धोधन लेफ्ट फुलबॅक. तासभराच्या खेळात दत्तरावकडे एकही चेंडू गेला नाही. तो खांबाला टेकून शेंगा खात बसला. म्हणजे गोलकीपरला सराव शून्य. एवढा मोठा तोटा कुणाच्या लक्षात आला नाही. उलट खेळ संपल्यावर सगळे हसत होते, टाळ्या देत होते. दत्तराव तर म्हणाला, आज पयल्यांदा पाठ दुखंना गेली. शिस्त राहिली नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तीन नंबरची जर्सी दत्तरावच्या दुकानात दिली. सिद्धोधनच्या मापाची करायची. दत्तराव म्हणाला, दोन्ही अंगानं चार-चार बोटं आत घ्यावी लागतेत. ही जर्सी दर वर्षी धुऊन आटते म्हणून त्यानेच बाजूला पट्ट्या जोडत आणल्यात, मग आत घ्यावी लागणारच. त्यात हसण्यासारखं काय होतं माहीत नाही. लग्नसराई सुरू झालीय, म्हणाला रविवारनंतर बघतो.

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी

वाईट झालं. लिहून ठेवतो म्हणजे पुढे वाद नको.

पेनल्टी कॉर्नरचा सराव चालू होता. गोलच्या डाव्या खांबापाशी उभं कसं राहायचं ते दाखवावं म्हणून मी स्वतः उभा राहिलो. चेंडू जोरात आला. नेमका माझ्यावर. दत्तरावला समोरचं नीट दिसावं म्हणून मी बाजूला झालो. चेंडू त्याच्या उजव्या हातावर बसला. ग्लोव्ह जुना, फाटलेला. नवा घ्यायचा ठराव २०२२ पासून माझ्याकडे आहे.

दोन बोटं मोडली. प्लास्टर. टेलरचा उजवा हात आणि लग्नसराई, मलाही वाईट वाटतं. पण तो कधीच सुट्टी घेत नव्हता. तेवढीच विश्रांती.

 दत्तराव खाली बसून फक्त माझ्याकडे बघत राहिला. वेदना झाली की माणूस कुठेही बघतो.

३ डिसेंबर, बुधवार

दत्तरावला भेटायला गेलो. दुकानात कापडांचे ढीग. त्याची बायको लक्ष्मीबाई एकटी मशीनवर. मला पाणी विचारायचं त्या विसरल्या. कामाची गडबड.

मी वातावरण हलकं करायला म्हणालो, गोलकीपरने चेंडू हाताने अडवायचा नसतो असं थोडंच आहे, अडवलास ना! कुणी हसलं नाही. त्या घरात खेळाडू वृत्ती एकट्या दत्तरावलाच होती.

तीन नंबरची जर्सी तिथेच होती. हात मोडल्यामुळे ती आत घ्यायची राहून गेली. म्हणजे अजून माझ्याच मापाची आहे. यात कुठेतरी संकेत आहे. घेऊन आलो.

७ डिसेंबर, रविवार

गोलकीपरची गॅप भरली. आमच्या कॉलेजातला शिपाई बजरंग. सापसुद्धा हाताने धरतो. पॅड बांधून उभा केला, दोन चेंडू छातीवर घेतले आणि म्हणाला, बस का, अजून मारा. १४ तारखेला येतो म्हणाला, फक्त सर, गाडी कितीची हाय ते आदल्या दिवशी सांगा. सांगतो म्हणालो.

डिफेन्स आता पक्का. मागे बजरंग, डावीकडे सिद्धोधन, उजवीकडे एक नवीन मुलगा. मला बाहेर बसून फक्त बघायचं आहे. बरं वाटतंय. खूपच बरं वाटतंय. दुपारी जेवण गेलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

केस रंगवले. स्पर्धेत फोटो निघतात. कोच तरतरीत दिसावा.

बॅग भरली. स्टिक, रुमाल, बूट, गुडघ्याची पट्टी. बाहेर बसणाऱ्याला पट्टी कशाला, असं राजेश्रीने विचारलं. म्हणालो, असावी.

आज एक काम राहिलंय असं दिवसभर वाटत होतं. आठवलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी ६.५०, गाडीत

बजरंग स्टेशनवर दिसला नाही. त्याला गाडीची वेळ कळवायची राहिली. आता फोन केला तर राणीसावरगावला सासरी गेलाय. गावी जायच्या आधी त्याने स्वतःहून विचारायला काय हरकत होती? शेवटी सगळ्या गोष्टी मीच बघायच्या.

१४ डिसेंबर. सायंकाळी ६.३०, घरी

सविस्तर लिहितो.

सामना पाथरीशी. गोलकीपर नाही. दहा मिनिटांत निर्णय घ्यावा लागला. पाय कुणाचे चपळ? सिद्धोधनचे. नजर कुणाची? सिद्धोधनची. मी म्हणालो, पॅड बांध. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, सर, साहेब मला बगायला आलेत. म्हणालो, गोलकीपर म्हणजेसुद्धा डिफेन्स. आणि काळजी करू नको, साहेबांना मी जाऊन सांगतो. तो म्हणाला, नक्की सांगा सर. दुसऱ्यांदाही म्हणाला. मग हेल्मेट घातलं.

लेफ्ट फुलबॅकला मग मीच उरलो. जर्सी अंगाला बरोबर बसली.

साहेब मैदानाच्या पार पलीकडे मंडपात बसले होते, हातात खेळाडूंची यादी. मी सांगायला निघालो. निम्म्यात पोहोचलो तेव्हा ते चहा घेत होते. चहा पिणाऱ्या माणसाला मधे बोलणं बरं दिसत नाही. तेवढ्यात शिट्टी वाजली. म्हटलं, हाफटाइमला सांगू.

पहिल्या हाफमध्ये तीन गोल झाले. तिन्ही डावीकडून, कारण आमचा लेफ्ट हाफ मला कव्हर देत नव्हता. सिद्धोधनने बारा-तेरा अडवले असतील. एक तर आडवा पडून, हेल्मेटवर. पाथरीवाल्यांनीच टाळ्या वाजवल्या.

पण लिहिण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. साहेब पूर्ण वेळ माझ्याकडे बघत होते. मी जिकडे जाईन तिकडे त्यांची मान वळत होती. एकदा तर माझ्याकडे बोट करून शेजारच्याला काहीतरी सांगितलं, आणि शेजारचा पोट धरून हसला. कौतुक असं अनपेक्षित ठिकाणाहून येतं. सत्तेचाळीसाव्या वर्षी! त्यानंतर मी दुप्पट जोमाने पुढे गेलो.

हाफटाइमला साहेब निघून गेले होते. शेवटी पाच-शून्य. गेल्या वर्षीपेक्षा चार गोलांची सुधारणा. पुनर्बांधणी योग्य दिशेने चालली आहे.

परतीच्या गाडीत सिद्धोधन समोर बसला होता. कपाळाला सूज. विचारलं, साहेबांशी बोललात का सर? म्हणालो, त्यांच्या सगळं लक्षात आलंय. खोटं नाही. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार. दुपारी १

क्लबच्या मेलवर पत्र आलं. विषय : सिद्धोधन, लेफ्ट फुलबॅक, निवडीबाबत. लॅबचं दार लावून वाचलं. जसंच्या तसं उतरवतो.

'जर्सी नंबर तीन असलेल्या सदर खेळाडूचा खेळ पाहिला. चेंडू अंगावर आला की खेळाडू बाजूला होतो. पुढे गेल्यावर माघारी येत नाही. वळण्यास फार वेळ लागतो. तिन्ही गोलांस हाच खेळाडू कारणीभूत. फॉर्मवर वय सत्तावीस असले तरी शरीर पाहता जन्मदाखल्याची तपासणी व्हावी. निवडीसाठी विचार करता येणार नाही. खुलासा असल्यास २४ डिसेंबर दुपारी चारपर्यंत फोनवर कळवावा.'

सिद्धोधनबद्दल फार वाईट वाटलं. इतकं कठोर लिहायला नको होतं.

१८ डिसेंबर. दुपारी १.२०

नंबर तीन.

१८ डिसेंबर. दुपारी ४

पुन्हा वाचलं. सहा वेळा. 'वळण्यास फार वेळ' हे वाक्य पूर्ण चुकीचं आहे. मी मुद्दाम उशिरा वळतो, म्हणजे समोरचा फसतो.

असो. चूक दुरुस्त करायला हवी. एक फोन. साहेबांना सांगायचं की तीन नंबर दुसराच माणूस होता. उद्या सकाळी पहिलं काम.

१९ डिसेंबर, शुक्रवार

प्रॅक्टिकल होती. ॲसिडच्या बाटल्या सोडून फोनवर बोलणं बेजबाबदारपणाचं.

२० डिसेंबर, शनिवार

शनिवारी अधिकारी माणसांना त्रास देऊ नये.

२१ डिसेंबर, रविवार

सिद्धोधनने विचारलं, काई आलं का सर? म्हणालो, आमचं नेट स्लो आहे. अडतीवरून सुट्टी काढून आला होता. म्हणाला, आईनं आत्तापासूनच गल्लीत सांगायला चालू केलंय. मी म्हणालो, आईला सांग, घाई करू नये.

२३ डिसेंबर, मंगळवार. सायंकाळी

सिद्धोधनने परस्पर कंपनीत फोन लावला. पत्र गुरुवारीच गेलंय असं त्याला तिथे कोणीतरी सांगितलं. दोघं मामा-भाचे घरी आले. लपवण्यासारखं काही नव्हतंच, मी छापून ठेवलेलं पत्र दाखवलं.

सिद्धोधनने वाचलं. एकदाच. म्हणाला, सर, हे तर तुमचं हाय.

मग दत्तरावने घेतलं, प्लास्टरच्या हाताने सावरत. 'माघारी येत नाही'पर्यंत आला आणि हसायला लागला. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसला. राजेश्री आतून बाहेर आली, तिलाही वाचून दाखवलं, तीही पदर तोंडाला लावून आत पळाली. जन्मदाखल्याच्या ओळीपाशी मात्र दत्तराव थांबला. कागदाची घडी घातली. म्हणाला, महारुद्र, उद्या चारच्या आत फोन कर. जास्त काई बोलू नकोस. तीन नंबर मी हुतो, एवढं एकच सांग.

सिद्धोधन म्हणाला, मी सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई त्यांना. सचिवानं सांगितलं पाहिजे. तुमी फक्त तेवढं बोला सर.

दोघांना शब्द दिला. या वेळी आवाज भरून आला नाही, पण दिला.

२४ डिसेंबर, बुधवार. दुपारी २

लॅब रिकामी. वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं. मोठ्याने म्हणून बघितलं. बेसिनमधे आवाज घुमतो. सोपं आहे. दोघांना म्हणालो होतो, असं बोलायला एकांत लागतो, तुम्ही येऊ नका.

२४ डिसेंबर. दुपारी ४.२५

फोन केला. तीन एकोणचाळीसला लागला.

साहेब सभ्य वाटले. मी ओळख दिली, सचिव, कोच, कॅप्टन. म्हणालो, नंबर तीनबद्दल बोलायचं होतं. म्हणाले, बोला. मी ते वाक्य बोलणारच होतो. तोंडात आलं होतं. पण ते मधेच म्हणाले, अहो, तुमचा तो खेळाडू चेंडूला भितो. काय बोलायचं त्याच्याबद्दल?

हे मला सहन झालं नाही. कुणालाच झालं नसतं. म्हणालो, साहेब, भीती वेगळी आणि कीपरला नजर मोकळी करून देणं वेगळं. ते म्हणाले, माघारीही येत नाही. मी आक्रमक फुलबॅकची कल्पना समजावून सांगितली. लेफ्ट हाफने कव्हर द्यायला हवं होतं, मैदान डावीकडे उतरतं आहे, तिसऱ्या गोलच्या वेळी ऊन डोळ्यावर होतं, सगळं सविस्तर सांगितलं. ते दोनदा म्हणाले, बरं बरं. मी म्हणालो, नंबर तीनसारखा अनुभव जिल्ह्यात दुसऱ्याकडे नाही. ते म्हणाले, सत्तावीसच्या पोराला कसला अनुभव? इथे मला संधी होती. खरंच होती. पण मी तेव्हा वळण्याच्या मुद्द्यावर होतो.

शेवटी साहेब म्हणाले, कोचच जर या खेळाला खेळ म्हणत असेल, तर त्या पोराचा दोष नाही. पण तो आता सुधारणार नाही. आम्ही दुसरा मुलगा घेतो. आणि ठेवला.

परत लावला. बिझी. परत लावला. मग चार वाजले.

मुद्दे मात्र सगळे मांडले. नंबर तीनची बाजू इतकी चांगली दुसऱ्या कुणी मांडली नसती.

२५ डिसेंबर, गुरुवार

सिद्धोधन आला. झालेलं सगळं त्याला सांगितलं, मैदानाच्या उतारासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, तीन नंबर तुमी हुता, एवढं बोललात का?

म्हणालो, बोलण्याच्या ओघात राहून गेलं.

ओरडेल वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. पण तो ओरडला नाही.  दारातूनच म्हणाला, मामीनं शिवलेले कपडे तेवढे पोचवायचे हायेत, येतो. चप्पल घातली आणि गेला. राजेश्रीने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. संध्याकाळी फक्त विचारलं, तुमाला एवढं बी जमलं न्हाई का? मी टीव्हीचा आवाज वाढवला.

२८ डिसेंबर, रविवार. सकाळी ९

साडेसहाला मैदानावर गेलो तर खेळ अर्ध्यावर आलेला. वेळ बदलल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. गोलमध्ये बजरंग. डावीकडे कुणी नाही, दहाच जण. थांबवून विचारलं की कोचशिवाय कसा खेळ चालू झाला. पोरं चेंडू माझ्या बाजूने घेऊन गेली.

दत्तराव कडेला बसला होता, हात गळ्यात. त्याला विचारलं, सिद्धोधन कुठाय? म्हणाला, काल रात्रीच्या गाडीनं गेला. चाकणला, गोडाऊनमधी माल चढवायला. स्टिक माझ्या दुकानात टाकून गेलाय.

मी म्हणालो, मग आता लेफ्ट फुलबॅकचं काय करायचं? दत्तराव पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, सात वर्षं झाले आमी दहा जणंच खेळायलोत. तू डावीकडं उभा हायेस असं कुणी धरतच न्हाई. सेंटर हाफला सांगूनच ठेवलंय, ती बाजू उघडी समज. आमचं काय, रविवारचा खेळ हाय, नऊ खाल्ले काय अन् पाच खाल्ले काय, तुला कोण दुखवावं म्हणून गप बसलो. पण पोराचं तेवढं एकच हुतं महारुद्र. तेवढं एकच.

मला म्हणायचं होतं की त्यात माझाही काही दोष असेल. म्हणालो, सेंटर हाफचं पोट कमी व्हायला पाहिजे. दत्तराव उठला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

घरी आलो. राजेश्री देवळात गेलीय. घरात कुणी नाही. ही वही तर तशीही कुणी वाचणार नाही. तेव्हा लिहून बघतो.

नंबर तीन मी होतो.

चार शब्द आहेत. फोनवर मी अकरा मिनिटं बोललो होतो.